फलाफलाचा साचा

आमच्या घरमालकांनी मला एकदाच एका शब्दाचा अर्थ विचारला आणि मी तो तत्काळ सांगितला. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. 'माहीत नाही' म्हणायला जीभ जड होणं हा आमच्या पेशाचा आजार आहे. मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो आणि पुंडलिकनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

काका बसत नसत. चहा उभ्यानं, पेपर फेऱ्या मारत, जेवण ओट्याला टेकून. बातम्या लागल्या की ते हॉलमधून अंगणात आणि अंगणातून हॉलमध्ये जात, आणि मधे जे हुकलं ते काकूंना विचारत. "बसा की जरा," असं कुणी म्हटलंच तर म्हणायचे, "आमच्या घराण्यात बसायची पद्धत नाय, सर. सोयगावकडं आमचा आज्जा, पणजा, सगळे मेंढरांमागं चालून चालून गेले. मला कारखान्यानं खुर्ची दिली होती. मीच म्हणलं, घेऊन जा."

कारखाना चिकलठाण्याचा. तिथल्या टूलरूममध्ये त्यांनी जन्मभर डाय आणि साचे बनवले आणि शेवटी तपासणीला आले. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, व्हर्निअर सुटला नाही. जाडी मोजायचं ते पोलादी हत्यार त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं, आपल्याकडं जिथं पेन असतो तिथं. माझी बायको एकदा त्यांच्याकडं पुरणपोळ्या घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "कडेला जाड आहे म्हणाले, पण पास केली." त्यांच्याकडं शेरे दोनच, पास आणि रिजेक्ट. माझं अक्षर रिजेक्ट होतं. माझी गाडी लावायची पद्धत रिजेक्ट होती. मी स्वतः कुठल्या ढिगात होतो ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

"हाताचा भरवसा नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. हातानं केलेला लाडू दर वेळी वेगळा होतो. साच्यातून काढलेला माल पहिला तसाच शेवटचा. लोक हाताच्या चवीचं कौतुक करतात, ते ज्यांना मोजता येत नाही ते करतात, असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणताना त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात असायचा, कारण तो थरथरायचा. अंगठा आणि तर्जनी सतत काहीतरी चुरत असल्यासारखी हलत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. काकू त्यांना कप अर्धाच भरून देत. शेजारीपाजारी त्यांच्या हातात कधी वाटी देत नसत, ओट्यावर ठेवून जात. आणि याबद्दल कुणीही, कधीही, एक अक्षर बोलत नसे. चुकून कुणाची नजर हातावर गेलीच तर काका म्हणायचे, "गारठा हाय जरा." एप्रिलमध्ये. इथल्या एप्रिलमध्ये, जेव्हा टाकीचं पाणी अंगावर घेताना माणूस ओरडतो.

त्यांची मुलगी आखातात राहायची. मागच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा नात चार वर्षांची होती. काकांनी मोठ्या हौसेनं पोरीला वरणभात भरवायला घेतला. चमचा तोंडाजवळ जाता जाता हलला आणि कोमट वरण पोरीच्या गळ्यावरून फ्रॉकमध्ये गेलं. भाजलं वगैरे काही नाही, पण ती दचकली ती दचकलीच. नंतर सगळी सुट्टी आजोबा खोलीत आले की ही आईच्या मागं. हे मला काकांनी सांगितलं नाही. काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला. यंदा पोर परत येणार होती. आपण स्वतः केलेलं काहीतरी तिनं खावं, आणि आपल्याजवळ उभं राहून खावं, यापलीकडं काकांना काही नको होतं. पण ते तसं म्हणणार कसे. ते नुसते अंगणात फेऱ्या मारत.

एका संध्याकाळी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून ते जिना चढून वर आले.

"सर, तुम्ही मराठीचे. फलाफल म्हंजे काय?"

मुलीचा निरोप होता, रोमन लिपीतला. 'बाबा, ती बाकी काही खातच नाही. सध्या तिचं सगळं फलाफलवर चाललंय.'

मी वहीतून मान वर केली, घसा साफ केला आणि सुरू झालो. "फल अधिक अफल. संस्कृत शब्द आहे, काका. ग्रहांचं बरंवाईट फळ. पत्रिका बघून सांगतात ते."

"म्हंजे पोरीला ग्रह लागलेत?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण मला विद्यार्थी मिळाला होता, आणि तोही उभा राहून ऐकणारा. "अगदी लागलेत असं नाही म्हणता येणार. पण सगळंच फलाफलावर चाललंय म्हणजे, दैवावर हवाला, अशी अर्थच्छटा निघते."

अर्थच्छटा. तो शब्द मी वापरला, हे मला अजून आठवतं.

काका दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढून वेरूळला गेले. तिथं त्यांच्या ओळखीचे एक गुरुजी होते. दुपारी उन्हानं लाल होऊन परतले ते मोठी पिशवी घेऊनच. पोरीचा गुरू कमजोर निघाला होता आणि गुरुवारी हरभऱ्याची डाळ दान करायला सांगितली होती. ती त्यांनी गल्लीभर वाटली. आमच्याही घरी आली. बायकोनं तिची आमटी केली आणि मी ती मिटक्या मारत खाल्ली, हे सांगायला लाज वाटते पण चव छान होती.

मग काकांनी मुलीला धीर द्यायला फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारीच होतो, अभ्यासू चेहरा करून.

"घाबरू नको," काका म्हणाले. "पत्रिका दाखवलीय. डाळ वाटली. फलाफल सुधरतंय आता."

 पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि तो थांबेचना. "बाबा," ती शेवटी म्हणाली, "अहो वडे असतात ते. काबुली चण्याचे. इकडं नाक्यानाक्यावर मिळतात. तुम्हाला कुणी सांगितलं पत्रिकेचं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. "हायेत एक विद्वान," ते म्हणाले.

फलाफल असं निघालं. मी स्वतःची समजूत घातली की हरभऱ्यापर्यंत तर आपण पोचलो होतो, प्रश्न फक्त जातीचा होता. पण मुलगी पुढं जे म्हणाली त्यानं काकांचं माझ्यावरचं लक्षच उडालं. "आणि बाबा, तुम्ही करायच्या भानगडीत पडू नका. तिला हातानं थापलेले चालत नाहीत. इथं साच्यातून काढतात, सगळे सारखे. एखादा वाकडा असला की ती बाजूला काढते, तोंड लावत नाही."

काकांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी असं तेज पाहिलं नव्हतं. "ऐकलं का," त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली, "पोरगी तपासणीत बसणारी हाय. माझ्यावर गेलीय."

"बसणारी म्हणू नका मग," काकू आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात साच्याचा शोध सुरू झाला. काका सकाळी उठून जे सापडेल ते घेऊन वर येत. कारण मी ठरवलं होतं की पत्रिकेचं प्रायश्चित्त म्हणून सारण आपण करायचं. चणे भिजवले, मऊ उकडले, वाटले, कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरं घातलं. पहिला साचा वाटीचा. वडा वाटीला चिकटून बसला. मग सरबताच्या बाटलीचं झाकण. मग मेदूवड्याचा स्टीलचा साचा, त्यातून मधे भोक असलेलं काहीतरी पडलं. काका म्हणाले, "हे बेअरिंग झालं." मग आइस्क्रीम काढायचा गोल चमचा. मी आमचा मोदकाचा साचा काढून दिला, तर त्यातला तो कळीदार वडा तळहातावर घेऊन त्यांनी मला विचारलं, "आता पोरीला चतुर्थी पण शिकवायची का?"

आकार कसाही निघो, तेलात गेला की त्याचं एकच व्हायचं. वडा जरा फेसाळायचा, पसरायचा आणि विरघळून जायचा. खाली पीठ, वर फेस.

"साचा रिजेक्ट," काका म्हणायचे आणि दुसरा आणायला निघायचे. आम्ही दोघं एक उभा, एक त्याच्या मागं पळणारा, असे घरभर फिरत होतो. साच्याला घट्टपणा नाही, साच्याचा दाब कमी पडतो, साच्याला वरून झाकण पाहिजे. मी तर दाबावर एक छोटं व्याख्यानही दिलं. दोन्ही घरांतलं तेल संपत आलं तेव्हा काकू परात घ्यायला वर आल्या आणि कढईत डोकावल्या.

"हे चणे उकडलेत का?"

"हो. चांगले मऊ," मी म्हणालो.

"डाळवड्याची डाळ उकडून घेता का तुम्ही, भाऊ?"

"नाही. भिजवून."

"मग?"

मी काकांकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी नाकारलेले सगळे साचे टेबलावर ओळीनं मांडलेले होते, निर्दोष.

"तू आधी का नाय सांगितलं?" काका म्हणाले.

"मला कुणी विचारलं? दोन इंजिनेर कामाला लागलेले. मी म्हणलं, काही तरी शास्त्र असंल." परात उचलून त्या खाली गेल्या.

चणे आता नुसते भिजवले आणि वडे तेलात टिकायला लागले. पण मग खरी अडचण उघडी पडली. वाटीतून वडा सोडवायला वाटी उलटी धरून अलगद ठोकावी लागे. झाकणातून काढायला सुरीचं टोक फिरवावं लागे. मी केलं की बरा निघे. काकांनी केलं की कडा तुटे. ते चार-दोनदा करून बघत, मग हात खिशात घालून म्हणत, "हे हत्यार बरोबर नाय. बाजारात जायचं." मुलगी यायला थोडेच दिवस उरले होते आणि काकांची अंगणातली फेरी आता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत वाढली होती.

गुलमंडीकडच्या एका जुन्या भांड्याच्या दुकानात आम्ही गेलो. काकांनी वड्याचा आकार हवेत काढून दाखवला. दुकानदार माडीवर चढला आणि धूळ पुसत एक पितळी वस्तू घेऊन आला. दांडा, त्याच्या टोकाला उथळ वाटी, आणि अंगठ्याखाली खटका. खटका दाबला की वाटीचा तळ वर उचलतो आणि वडा बाहेर.

"इसकू कालिब बोलते, चचा. अरब बच्चे पढने आते ना इधर, उनो पूछते आते."

"कालिब," काका म्हणाले. "म्हंजे आपलं कालबूत. बुटाला आकार द्यायचं असतं ते." आणि मग माझ्याकडं वळून, "हा अर्थ तुम्हाला विचारलेला नाय, सर. मला येतो."

ते खूश होते. त्यांनी व्हर्निअर काढून वाटीचा व्यास मोजला, खोली मोजली, पास म्हणाले. मग उजवा हात खिशातून काढला आणि खटक्यावर अंगठा ठेवला.

खटका वाजायला लागला. टकटकटक, बारीक, सारखा. तळ वर खाली होत होता, दाबायच्या आधीच. काकांनी दांडा घट्ट धरला तर आवाज आणखी वाढला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदार सभ्य माणूस होता, त्यानं नजर छताकडं नेली. मीही छताकडं बघायला हवं होतं. आमच्या गल्लीत सगळे इतकी वर्षं छताकडंच बघत आले होते. पण मला मदत करायची हुक्की आली, आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा माझा आवाज आहे.

"अहो, यांचा हात थरथरतो," मी म्हणालो. "बिनखटक्याचा दाखवा ना एखादा."

टकटक थांबली. काकांनी कालिब गल्ल्यावर ठेवला, अगदी सरळ, कडेला समांतर. व्हर्निअर खिशात घातला. मग दुकानाच्या पायऱ्या उतरले, स्कूटर सुरू केली आणि गेले. मी त्यांच्या मागं बसून आलो होतो. डोक्यावर हेल्मेट घालून मी त्या दुकानात एकटाच उभा राहिलो.

"चचा गुस्से में गए," दुकानदार म्हणाला.

कालिब मी विकत घेतला. हेल्मेट न काढताच रिक्षात बसलो, ते रिक्षावाल्यानं विचारल्यावर लक्षात आलं. घरी आलो तर खालचं दार बंद. कालिब मी त्यांच्या फाटकाच्या कडीला पिशवीत अडकवला आणि मांजरासारखा जिना चढलो. बायकोला झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही ते तुम्हाला बाजारात सुचलं." मी म्हणालो, "मराठी बोलायचं असतं तेव्हा मी गप्प बसतो का कधी?" ती हसली नाही.

त्यानंतर काका माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात भेटले की कठड्याची जाडी तपासत. पिशवी मात्र कडीवरून गेली होती. आणि जिन्याखाली त्यांची जी छोटी कामाची खोली होती तिथून दुपारी कानशीचा आवाज यायला लागला, मग ग्राइंडरचा, मग हातोडीचा. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत. जेवायला पण तिथंच घेऊन जावं लागतं. उभ्यानंच जेवतात, पण तिथं."

मुलगी यायच्या आदल्या दिवशी ते वर आले. हात खिशात.

"स्प्रिंग लई कडक होती," ते म्हणाले.

"हो का," मी म्हणालो.

"खटका काढून टाकला. चला खाली."

एवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

खाली ओट्यावर एक जाड लाकडी ठोकळा शिकंज्यानं आवळून बसवला होता. त्यात कालिबची वाटी पक्की रोवली होती, दांडा कापून. वरून एक गोल दट्ट्या, त्याला लाकडी मूठ. वाटीत सारण टाकायचं, दट्ट्यावर तळहात ठेवून अंगाचा भार द्यायचा, मग बाजूची तरफ कोपरानं खाली ढकलायची की वडा वर उचलून येतो. बोटांचं काम कुठंच नव्हतं. काकांनी करून दाखवलं. हात थरथरत होता, ठोकळा हलत नव्हता. वडा नाण्यासारखा निघाला. त्यांनी मोजला. दुसरा काढला, मोजला. मला व्हर्निअर दिला. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी डोळा बारीक करून म्हणालो, "पास."

"दोन्ही एकच आलं का?"

"एकच."

"ह्याच्यातून वाकडा निघू शकत नाय," काका म्हणाले. "कुणीबी दाबू द्या. आंधळ्यानं दाबला तरी नाय."

दुसऱ्या दिवशी पोर आली. वर्षभरात उंच झाली होती, पण काका दारात दिसल्याबरोबर आईच्या ओढणीत गेली. काका स्वयंपाकघरात जाऊन ठोकळ्यापुढं उभे राहिले. काकूंनी कढई पलीकडच्या शेगडीवर ठेवली होती. आम्ही दोघं नवरा-बायको भांड्यांची मदत करायच्या निमित्तानं तिथंच.

दट्ट्याचा आवाज ऐकून पोर दारापर्यंत आली. मग ओट्यापर्यंत. मग तिनं स्वतःच स्टूल ओढलं. काकांचा एक हात दट्ट्यावर, दुसऱ्या हातात तयार वडे ठेवायचं ताट. उजव्या हातातलं ताट वाजत होतं, वडे त्यात सरकत होते.

"आबा, हलवू नका ना," पोर म्हणाली. "ते सरकतायत."

काकूंचा झारा थांबला. काकांची मुलगी दारातून एक पाऊल आत आली. मी, नशिबानं, तोंडात कोथिंबिरीची काडी धरून होतो.

"मी नाय हलवत गं," काका म्हणाले. "त्यो आपला आपणच हलतो. हात थरथरतो माझा."

"का?"

"आजार हाय त्याला."

पोरीनं हाताकडं नीट बघितलं, एखादं खेळणं बिघडलं असावं तसं. "मग खाली ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही दाबा. मी ठेवते."

काकांनी ताट खाली ठेवलं. ते दाबत गेले, ती वडे उचलून ताटात रांगेत लावत गेली. प्रत्येक वडा ती डोळ्यापुढं फिरवून बघत होती, आणि काका तिच्याकडं असे बघत होते की जणू कारखान्यातला वरचा साहेब फेरीवर आलाय. तळून झाल्यावर काकूंनी पहिले वडे गार करून दिले. तिनं एक खाल्ला, तिथंच, स्टुलावर उभी राहून, आजोबांच्या खांद्याला टेकून. मग दुसरा. तिसरा तिनं उचलला आणि कपाळाला आठी घातली. कड जरा दबलेली होती.

"हा वाकडा आहे. मी नाही खाणार."

"रिजेक्ट," काका म्हणाले.

"मग तुम्ही खा," ती म्हणाली, आणि तो वडा तिनं आपल्या हातानं त्यांच्या तोंडात घातला.

काकांनी तो चावला, गिळला, आणि पुन्हा दट्ट्याला हात घातला. पुढचा वडा वाकडा निघाला. त्याच्या पुढचा चांगला, मग पुन्हा एक वाकडा. प्रत्येक वाकडा तळून त्यांच्या तोंडात जात होता आणि ती दर वेळी "आ करा" म्हणत होती. काकू एकदा कढईकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत होत्या. मी तोंडातली काडी काढून बोलणारच होतो की काका, तुम्ही तर म्हणाला होता याच्यातून वाकडा निघूच शकत नाही, तेवढ्यात बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.